सुटली म्हण

मास्तरीण गाडी शिकवायची. खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागायचं. भाचीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'मास्तरीण'च. तिच्या गाडीला ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसणाऱ्या तिच्या. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला सांगायची, "तुझ्या ब्रेकवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या ब्रेकवर तुझा असू दे, म्हणजे झालं."

आणि तो दुसरा ब्रेक दाबणारा पाय एक दिवस भर चौकात बधिर झाला.

शेजारी एक टकला कारकून होता, उतारवयात शिकायला आलेला. गियर टाकताना मान खाली घालून गियरकडेच बघायचा. चौक ओलांडताना मास्तरणीच्या छातीत एकदम फडफड सुरू झाली, पिंजऱ्यात मांजर शिरल्यावर पाखरं करतात तशी. डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आली तेव्हा गाडी कडेला उभी होती, इंडिकेटरसकट, हँडब्रेक ओढलेला.

"मॅडम," टकला घाम पुसत म्हणाला, "हे धरून पास का?"

फडफडीला पुढे नाव मिळालं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज भलत्याच वाटेने पळते, गोळ्यांनी आवरत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात न्यायची आणि ती चोरवाट जाळून बंद करायची. अब्लेशन. ते होऊन ठोके ताळ्यावर येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. नवऱ्याने किल्ली खिळ्याला टांगली, आणि मास्तरीण आयुष्यात पहिल्यांदा घरात बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू लागली.

आता प्रश्न एकच. जाळणार कोण?

घराला रंग द्यायचा तरी माणूस चार रंगारी बघतो. इथे तर आपल्याच काळजात कुणाला तरी विस्तव घेऊन सोडायचं. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदयाचे डॉक्टर दोन प्रकारचे. प्लंबर आणि वायरमन. तुंबलेल्या नळ्या साफ करणारे पैशाला पासरी. तुम्हाला वायरमन हवा, आणि तोही रोज हेच करणारा. चार ठिकाणी विचारा. लाजू नका."

मास्तरीण लाजणाऱ्यातली नव्हतीच. पण चार ठिकाणी विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिला ताई होती.

आई गेली तेव्हा मास्तरीण दुसरीत होती. तिची वेणी ताईने घातली, पाटी ताईने पुसली. ताप आला की ताई कपाळाला हात लावून म्हणायची, "छान आहेस. ऊठ." आणि ती उठायची. ताप असला तरी. पुढे ताईचा नवरा अकाली गेला, तेव्हाही ताई महिन्याभरात पदर खोचून उभी राहिली आणि विचारणाऱ्याला म्हणाली, "छान आहे मी." त्या घरात 'छान' हा शब्द नव्हता, आज्ञा होती.

आणि हे अब्लेशन ताईचंही झालेलं होतं, मागच्या वर्षी. हृदयाचा हा चक्रमपणा दोघी बहिणींनी एकाच बापाकडून उचलला होता. नाकाबरोबर, आणि कपाळावरच्या पांढऱ्या बटेबरोबर.

"मोठ्या डॉक्टरांशिवाय दुसरं नाव काढू नकोस," ताईने ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. "हाताला यश आहे त्या माणसाच्या. माझ्याकडे बघ. छान आहे की नाही? एकदम छान!"

मोठे डॉक्टर म्हणजे ताईचे होणारे व्याही. ताईच्या मुलीची त्यांच्या मुलाशी सोयरीक ठरली होती. म्हणजे घरचाच माणूस. आता घरचा माणूस जाळतो कसा, हे कोण विचारतो!

मास्तरणीने मात्र विचारलं. मोठ्या डॉक्टरांची खोली मोठी, खुर्ची मोठी, टेबलावर काचेचं हृदय मोठं. तिने शिकाऊ माणसाला विचारावं तसं सरळ विचारलं, "ही जाळायची कामं तुम्ही स्वतः किती करता? रोज? की कधीमधी?"

डॉक्टर हसले. हसणं असं, की विचारणाऱ्यालाच आपण चप्पल घालून देवघरात आलो की काय असं वाटावं. "माझ्याबद्दल मी काय सांगू? तुमच्या ताईंना विचारा."

"आणि परत उपटलं तर?"

"ताईंचं उपटलं का? विचारा की त्यांना."

विषय संपला. तारीख ठरली. बाहेर येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस जरा फुगलेला आहे, पण ताईचं छान केलंय ना, मग झालं."

नवऱ्याने गाडीचं दार उघडून धरलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे स्पष्ट दिसतं की ते?" विचारणारा हा माणूस, स्वतः मात्र संसारात कधी स्पष्ट बोलला नाही. भाजी खारट झाली तर पाणी जास्त प्यायचा, झालं. पण त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "एकदा दुसरीकडे दाखवूया का?"

"कशाला?"

"नाही, आपलं... उगीच."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पुलापलीकडे एक बाई आहेत म्हणे. हेच करतात. फक्त हेच."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाईक येतात दुकानात. बोलतात."

तिसऱ्यांदा त्याने विषय काढला तेव्हा तो चक्क उभा होता, हातात वाटी घेऊन. मास्तरणीला हसू आलं. "बरं बाबा, चला. तुमच्या समाधानासाठी. तुम्ही आयुष्यात काहीतरी मागितलंत, हीच बातमी आहे."

पुलापलीकडचं हॉस्पिटल साधं होतं. फिनेलचा वास, बाकांवर माणसं, भिंतीवर कसलीच हृदयं नाहीत. काउंटरवरच्या सिस्टरने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू उमटलं.

"अगंबाई, तुम्ही? इतक्यात? परत फडफडलं की काय? डॉक्टरांनी तर दुसऱ्यांदा केलेलं अगदी नीट झालंय म्हणून सांगितलं होतं!"

मास्तरीण म्हणाली, "मी पहिल्यांदाच येतेय इथे."

"काय चेष्टा करता! ही बट, हे नाक. आणि हे काय, मिस्टरही तेच आहेत की! दोन दिवस त्या बाकावरून हलले नव्हते."

मास्तरणीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फरशीकडे पाहिलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा तोंड हलतं; हा पकडला गेला तेव्हा कान हलले. दोन्ही कान लालभडक.

एका क्षणात तिच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. बायकोच्या मनात येतं ते. मग दुसऱ्या क्षणी सगळं जागच्या जागी बसलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं. ही बट, हे नाक. ताई. ताई इथे आली होती. दुसऱ्यांदा करून घ्यायला. म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या यशस्वी हाताने केलेलं टिकलं नव्हतं.

सिस्टरच्या लक्षात काहीतरी घोटाळा आला असावा. ती जीभ चावून कागदांत शिरली.

मास्तरीण बाहेर पडली नाही. हे तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. पायाखालची जमीन सरकलेली असताना ती बाकावर ताठ बसून राहिली, नंबर आला तेव्हा आत गेली आणि तिने तेच प्रश्न विचारले. डॉक्टर बाई ठेंगण्या, केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"माझी बहीण तुमच्याकडे होती."

"असेल किंवा नसेल. दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही. तुमच्याबद्दल बोला."

"किती करता ही कामं?"

"आठवड्यात बहुतेक दिवस हेच. दुसरं काही येतच नाही मला."

"परत उपटतं?"

"काहींचं उपटतं. त्यांना दुसऱ्यांदा करावं लागतं. तुमचंही उपटू शकतं. त्यात लाज नाही. पेशंट सांगतो आणि डॉक्टर 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावतो, त्यात आहे."

"हातून कधी वाईट झालंय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदा हृदयाच्या भिंतीला भोक पडलं. रक्त बाहेर साचलं. सुई घालून काढलं. माणूस वाचला, पण त्याच्या बायकोचा चेहरा मी विसरले नाही. तुम्हाला सही करण्याआधी हे सगळं परत सांगेन."

"लोक म्हणतात, हाताला यश लागतं."

"यशाचं माहीत नाही," बाई म्हणाल्या, "माझ्या हाताला सवय आहे."

बाहेर पार्किंगमध्ये मास्तरीण गाडीच्या टपाला टेकून उभी राहिली. नवरा किल्ली हातातल्या हातात फिरवत होता.

"बोला आता. की डोळ्यांपुढे काच धरू? हे स्पष्ट दिसतं की ते?"

"ताईंनी शपथ घातली होती गं."

"कसली?"

"तुझ्या गळ्याची."

तिला आधी कळलंच नाही. मग तो भडाभडा बोलत सुटला, वर्षानुवर्षांचं एकदम. ताईचं सहाच महिन्यांत परत सुरू झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत, मुलीच्या लग्नाची काळजी, दुसरं काही नाही. ताई जिना चढताना बसायला लागली. शेवटी घाबरून याच्याकडे आली, दुकानात. "मला कुठेतरी घेऊन चला, पण कुणाला कळता कामा नये. व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडेल." आणि मग म्हणाली, सांगितलंत तर माझ्या धाकटीचं मेलेलं तोंड बघाल.

"आणि मला तर म्हणाली होती, मैत्रिणींबरोबर थंड हवेच्या ठिकाणी जातेय..."

"इथेच होत्या. तिसऱ्या मजल्यावर."

"मला तिथला मध आणला होता. डोंगरातला."

नवऱ्याने मान खाली घातली. "आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला. लेबल मी खरवडलं."

तो मध तिने चमच्याने, चवीचवीने खाल्ला होता. वर म्हणाली होती, दुकानातल्याला ही चव नाही.

"अहो, माझा गळा सुरीखाली जातोय, आणि तुम्ही माझ्याच गळ्याच्या शपथेला चिकटून बसलात?"

"सांगितलं असतं आणि तुला काही झालं असतं तर?"

"आणि न सांगून झालं असतं तर?"

"म्हणून तर इथे आणलं ना! शब्द मोडला नाही, आणि..."

"आणि साप पण मेला, काठी पण शाबूत. वा! सिस्टरने ओळखलं नसतं तर? बाई रजेवर असत्या तर? मी 'नको, कंटाळा आलाय' म्हटलं असतं तर?"

भित्र्या माणसाच्या चांगुलपणाचं हे असं असतं. तो तुम्हाला वाचवतो, पण वारा अनुकूल असेल तरच.

"ताईकडे चला," ती म्हणाली.

ताई मुलीच्या नव्या संसारासाठी पडद्यांना दुमड घालत बसली होती. तोंडात टाचण्या. मास्तरीण दारातूनच म्हणाली, "पुलापलीकडून आले. सिस्टर विचारत होती, परत फडफडलं का."

ताईने टाचण्या सावकाश एकेक करून काढल्या. मग मास्तरणीच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही बोललात."

"त्यांच्याकडे बघू नकोस. ते बोलले असते तर बरं झालं असतं. नाकाने सांगितलं. आपल्या बापाच्या."

"बस आधी. इतकी चिडू नकोस, तुला चांगलं नाही."

"मला काय चांगलं नाही ते तू सांगणार?"

ताईने पडदा मांडीवरून बाजूला केला आणि नेहमीच्या, मोठ्या बहिणीच्या सुरात सुरुवात केली. पोरगी बापाविना वाढली. इतकं चांगलं स्थळ. त्या घरात मोठ्या डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्या हातून झालेलं टिकलं नाही हे विहीणबाईंच्या कानावर कोण घालणार? "आणि सगळ्यांचंच परत उपटतं असं थोडंच आहे? तुझं पहिल्या झटक्यात नीट झालं असतं!"

"मग मला सांगायचं होतंस. ताई, माझं टिकलं नाही, तू तुझं ठरव. एवढं एक वाक्य."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का तिकडे?"

"नसते गेले."

"मग!" ताई म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिलाच कळलं, आपण काय बोललो ते.

खोलीत शिलाई मशीनवरचा दिवा तेवढा जळत होता.

"मी जाणं इतकं अडलं होतं का तुझं?" मास्तरणीचा आवाज आता खाली आला होता. शिकाऊ माणूस घाबरला की ती असाच खाली आणायची.

"त्यांनीच विषय काढला," ताई पुटपुटली. "म्हणाले, हल्ली तुम्ही तपासणीला येत नाही, नाराज आहात की काय. माझी तारांबळ उडाली. म्हटलं, नाराज कशी असेन? माझ्या धाकट्या बहिणीलासुद्धा तुमच्याकडेच पाठवतेय. शब्द दिला मी."

"शब्द नाही दिलास. मला दिलंस."

ताई रडायला लागली. मास्तरणीने ताईला रडताना क्वचितच पाहिलं होतं, आणि इतर वेळी ती धावली असती. आज तिचे हात जागचे हलले नाहीत. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की वेणी घालणारे हेच हात होते. वेणी घालताना मान घट्ट धरावी लागते. लहानपणी तिला वाटायचं, ती माया.

तिने फोन काढला आणि मोठ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलचा नंबर लावला.

"काय करतेस?" ताई अर्धवट उठली. "तुला माझी शपथ आहे हं! त्यांना काही..."

"माझी तारीख रद्द करायची आहे," मास्तरीण फोनवर म्हणाली. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. "कारण? कारण माझ्या ताईला विचारा. तुमच्या साहेबांनीच सांगून ठेवलंय, काहीही असलं तर ताईला विचारा म्हणून. ती इथेच आहे. देते."

आणि फोन ताईच्या हातात ठेवला.

ताईने तो कानाला लावला. डोळे पुसले. घसा साफ केला. मास्तरीण बघत राहिली. अजूनही, या क्षणालासुद्धा, तिला आशा होती. ताई एकदा, एकदाच, खरं बोलेल. एका अनोळखी मुलीपाशी का होईना.

"हॅलो," ताई म्हणाली, गोड आवाजात. "तिला ना, सर्दी झालीय."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. ताईचा चेहरा पडला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली... ठीक आहे. जागा दुसऱ्याला देते म्हणाली."

"अजून काही?"

"तुझं नाव विचारलं. परत."

ज्या शब्दापायी ताईने बहीण पणाला लावली, तो शब्द तिकडे कुणाच्या गावीही नव्हता. ताई फोन हातात धरून त्या पडद्यांच्या ढिगाऱ्यात उभी होती. मास्तरणीने फोन काढून घेतला, आणि निघाली.

अब्लेशन पुलापलीकडच्या बाईंनी केलं. अर्ध्या जागेपणी, अर्ध्या गुंगीत, मास्तरणीला स्क्रीनवर आपल्याच काळजाचा नकाशा दिसत होता, रंगीत, आणि बाईंचा कंटाळल्यासारखा आवाज: "इथे. अजून जरा. हं." एकदा छातीत कळ आली तेव्हा तिचा उजवा पाय आपोआप ताणला गेला, ब्रेक शोधत. "पाय हलवू नका," बाई म्हणाल्या. "आज गाडी मी चालवतेय."

संध्याकाळी ती वॉर्डात सरळ पडून होती. मांडीवर दाबपट्टी, शेजारी यंत्र. ठोके टपटप, एकसारखे पडत होते. त्याच बाकावरून उठून नवरा आत आला होता. येताना मोसंबी आणली होती, लेबल न खरवडता. पिशवीवर दुकानाचं नाव ठळक दिसेल अशी धरली होती. गरीब बिचारा. तिला हसावंसं वाटलं, पण वाटून थांबलं.

"बोलत का नाहीस गं माझ्याशी?"

"पाणी द्या."

त्याने दिलं. मग चाचरत म्हणाला, "ती शपथ... अजून तशीच आहे गं. मोडली माझ्याकडून. तुला इथे आडवं पाहिलं की तीच आठवते. सुटली म्हण ना."

"ज्याने घातली त्याने सोडायची असते. लहान पोरांनाही माहीत असतं ते."

तो बाहेर गेला. दारातून त्याची कुजबुज ऐकू येत होती. मग आत येऊन त्याने फोन तिच्या कानाशी धरला.

"सुटली गं," ताईचा आवाज. नाक चोंदलेलं. "सुटली, सुटली, सुटली. तुझी, त्यांची, सगळ्यांची. मी आलेच असते, पण इथे सगळे जमलेत, विहीणबाई आल्यात, आता बाहेर पडले तर विचारतील कुठे... तू बरी आहेस ना?"

यंत्र टपटपत होतं. मास्तरणीने डोळे मिटले. शिव्या तिने दुपारभर जमवून ठेवल्या होत्या, निवडक. पण तोंडातून निघालं भलतंच.

"तुझं कसं आहे ताई? छातीत? जिना चढतेस? खरं सांग."

फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं.

"छान आहे गं," ताई म्हणाली. "एकदम छान."

मास्तरीण तशीच पडून राहिली, कान फोनला लावून, ते 'छान' पुन्हा पुन्हा आत घोळवत. ताप असला तरी ज्याच्यावर उठून बसावं असा तो शब्द. खरा होता का? असेलही. ताई खरंच बरी असेल. किंवा त्याच क्षणी जिन्याच्या कठड्याला धरून उभी असेल.

कळायला मार्ग नव्हता. आता कधीच नव्हता.

"ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.